व्हिएन्नाच्या बाजारात पोशेऱ्याची बाजू

महादू, तुझ्याबद्दलची तार जव्हारच्या पोस्टात आली आणि तिथून एसटीच्या कंडक्टरनं ती मोखाड्याला आणून माझ्या हातात ठेवली. बाजाराचा दिवस होता. माझ्या एका हातात कांद्यांची पिशवी. तार आपल्या यशानं लंडनहून केली होती. तू गेलास, दवाखान्यातच गेलास, पुढचं सगळं तिथंच उरकलं. उभ्याउभ्या वाचलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर पोशेऱ्याच्या वाटेकडे बघितलं. तिथं तुझी आयस बसली होती, खुरासणीचं गाठोडं सोडून, आपल्या गावच्या चार बायकांत. मी तार खिशात घातली आणि शाळेच्या बाजूनं पळ काढला.

तू कोण होतास, कधी जन्मलास, काय काय शिकलास, हे मी इथं सांगत बसणार नाही. तुझा जन्म कधीचा हे तुलाच ठाऊक नव्हतं. वाघानं पाटलाचा रेडा नेला त्या सालचा, एवढंच तुझी आयस सांगायची, आणि त्यावरून गुरुजींनी जी तारीख ठोकून दिली ती पुढे पार व्हिएन्नापर्यंत तुझ्यामागे आली. तिथल्या दवाखान्यातले लोक त्या दिवशी तुला केक खायला घालायचे आणि तू मुकाट्यानं खायचास.

मला आठवतोस तो जव्हारच्या वसतिगृहातला. तू पोशेऱ्याचा, यशवंत हुजूर कचेरीतल्या कारकुनाचा, मी शाळामास्तरचा. मी आणि यशा जव्हारचेच, पण घरून पळून तुमच्या वसतिगृहात जेवायला यायचो, कारण तिथं एका परातीत तिघांनी हात घालता यायचे. यशा भाताचा डोंगर मधोमध फोडायचा, मी कडेकडेनं जायचो, आणि तू आमची भांडणं होईपर्यंत गप्प बसून अर्धी परात संपवायचास. दाभोशाच्या धबधब्याखाली माझा पाय मुरगळला तेव्हा तू मला पाठंगुळी घेऊन जव्हारपर्यंत आलास. यशानं जेवणाचा डबा उचलला आणि वाटेत तो रिकामाही केला. माझा तो पाय आजही चढाला कुरकुरतो. आजवर त्याची मला चीड यायची, आता त्याचाच आधार वाटतो.

आपलं भांडण एकच, आणि ते अपुरं राहिलं. संस्थान विलीन झालं तेव्हा तू मुंबईला डॉक्टरकी शिकत होतास, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. सुट्टीत आला होतास. यशाच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं होतं. त्याचे वडील पगडी मांडीवर घेऊन बसले होते, आता कुणाच्या कचेरीत जाऊ म्हणून. मी मात्र नाचत होतो. आता रस्ते होतील, मोखाड्याला दवाखाना होईल, दिवे येतील, असं मी प्रत्येकाला अडवून सांगत होतो. तू चावडीच्या पायरीवर बसून करवंदं खात होतास. म्हणालास, "आमच्या पोशेऱ्याला राजा कधी दिसला नाय. आता सरकार दिसणार नाय. बदल काय झाला?"

मी तुला करंटा म्हणालो. तू म्हणालास, "दहा वरसांनी बोलू."

दहाच्या आधीच बोललो आपण, आणि तेही कुठं, तर व्हिएन्नात. तोवर तू पुढचं शिकायला तिथं जाऊन तिथल्याच दवाखान्यात राहिला होतास, यशा लंडनला पोचला होता आणि मी मोखाड्याला मास्तर झालो होतो. सरकारनं आपल्याकडचं तारपा नाचणाऱ्यांचं पथक परदेशी कसल्याशा मेळ्याला धाडलं, आणि इंग्रजी येतं म्हणून त्यांना सांभाळायला मला सोबत दिलं. तारप्याचा एक हंगाम असतो, एरवी तो फुंकायचा नसतो, हे तारपेवाल्या लखमानं साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांच्या हुकमाला हंगाम लागत नाही. निघायच्या आधी तुझी आयस पोशेऱ्याहून उतरून आली. पळसाच्या पानात बांधलेली खुरासणीची चटणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "गणा, चटणी दे आन पोऱ्याला घेऊन ये." मला कोंबडं आणायला धाडावं इतक्या सहज म्हणाली.

व्हिएन्नात भेटायचं कसं ते यशानंच ठरवलं होतं. तो लंडनहून आगगाडीनं येणार, मी जिनोआला बोटीतून उतरून पथकाबरोबर येणार, तू तिथलाच. यशानं दोघांनाही कळवलं, "शनिवारी सकाळी मोठ्या भाजीबाजारात भेटू." वेळ नाही, जागा नाही. कळवणाराही आपल्यातला आणि वाचणारेही आपल्यातले, त्यामुळे कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मोखाड्याच्या बाजारात कोण वेळ ठरवतो? पोशेऱ्याची माणसं पोशेऱ्याच्या वाटेच्या तोंडाशी बसतात, जव्हारची जव्हारच्या रस्त्याला, खोडाळ्याची खोडाळ्याच्या. ज्याला गरज तो शोधत येतो. बसलेल्यानं जागा सोडायची नाही.

मग काय व्हायचं ते झालं. तू तुझ्या दवाखान्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिलास. यशा स्टेशनच्या बाजूला. मी आणि लखमा आमच्या उतरायच्या जागेच्या बाजूला. तो बाजार भलता लांब, कोबी आणि बटाटे आणि लोणच्याची पिंपं, आणि तीन टोकांना जव्हारचे तीन शिकलेले गाढव आपापल्या गावची बाजू धरून उभे. कुणीच हलेना. दुपार होत आली. एक भाजीवाली बाई माझ्याकडे बघून शेजारणीला काहीतरी सांगत होती, बहुधा हा चोर आहे असं. थंडीनं लखमाचे पाय बधिर झाले. तो मला म्हणाला, "मास्तर, तू आथा बस. मी बोलावतो त्यांला." आणि त्यानं भोपळ्याचा तारपा काढून फुंकला.

आधी पोलीस आला. त्याच्या मागून तू आलास, धावत, टोपी हातात घेऊन. यशा सगळ्यात शेवटी, सामान ओढत, शिव्या देत. पोलिसाला तू काय सांगितलंस कोण जाणे, तो हसला आणि लखमाला सलाम करून गेला. तो गेल्यावर मात्र तुला बोलता येईना. कठड्याला धरून उभा होतास, छाती वरखाली होत होती. मला वाटलं, आम्हाला बघून गहिवरलास.

मग तू आम्हाला शहर दाखवायला निघालास. लखमा पथकाकडे परतला, आपण तिघेच. दर थोड्या अंतरावर तू थांबायचास आणि बोट वर करून सांगायचास, हा अमका राजा, ही तमकी राणी, हा गाणं करणारा. यशा म्हणाला, "महाद्या, तू डॉक्टर झालास की वाटाड्या?" तू हसलास आणि पुढच्या पुतळ्यापाशी पुन्हा थांबलास. त्या गावात पुतळे फार, हे तुझ्या सोयीचंच होतं. तू दम खात होतास ते आमच्या लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

तुझ्या खोलीत एक खाट, एक टेबल, खिडकीबाहेर कौलांची छपरं. मी चटणी टेबलावर ठेवली. तू पळसाचं पान आधी हुंगलंस, मग सोडलंस. पावाच्या जाड फोडी केल्यास, बटाटे उकडलेस, सगळं एका मोठ्या ताटात घालून आम्हा दोघांच्या पुढे ठेवलंस. आणि आपली पत्र्याची थाळी, पत्र्याचा पेला घेऊन खिडकीशी जाऊन बसलास.

"काय रे साहेबा," यशा म्हणाला, "आमचं उष्टं चालत नाही आता?"

"तुम्हाला माझं चालायचं नाही," तू म्हणालास. आणि आपल्याकडे पाऊस पडेल का नाही हे सांगावं तसं सांगितलंस, की छातीत क्षय आहे, दोन्ही बाजूंना, दवाखान्यातच लागलं, आता औषधं निघाली आहेत पण तुझ्यापर्यंत पोचायला त्यांना उशीर झाला. यशाच्या हातातला पाव तसाच राहिला. तू म्हणालास, "खा रे. आयसची चटणी आहे."

मी खाल्लं नाही. मी भांडायला लागलो. मला रडू आलं की मी भांडतो, हे तुला माहीत होतं. "घरी चल," म्हणालो. "मोखाड्याची हवा चांगली आहे."

"मोखाड्याला हवाच आहे नुसती," तू म्हणालास. "रस्ता झाला का?"

"होतो आहे."

"दिवे?"

"येतील."

"दवाखाना?"

"इमारत उभी आहे. डॉक्टर येतात आणि बदली मागतात."

"मग? माझ्या खोपटात आयस, भाऊ, वहिनी, भावाची पोरं, एक चूल, एक दार. मी तिथं जाऊन काय वाटू त्यांच्यात? ही छाती?"

"तू शब्द दिला होतास," मी म्हणालो. "राजवाड्यात उभा राहून. शिकून आलो की मोखाड्याला बसेन म्हणून."

"संस्थानला दिला होता. संस्थान गेलं. तूच नाचलास."

शब्द पोशेऱ्याला दिला होता असं मी म्हणालो खरा, पण तू मान खाली घालून पाव कुस्करत बसलास आणि माझं बोलणं तिथंच विझलं. संस्थान काय, सरकार काय, दोघांनीही तुझ्या गावापर्यंत एक डॉक्टर पोचवला नाही. जो पोचणार होता त्याला आम्ही समुद्रापार शिकायला धाडला, आणि त्याच्या छातीत ते घर करून बसलं. तुझं खरं होतं, महादू. इतक्या वर्षांनी हे कबूल करतो तर ऐकायला तू नाहीस.

निघताना मी विचारलं, "आयसला काय सांगू?"

तू म्हणालास, "सांग, भात झोडून झाला की येतो."

"कुठल्या सालचा?"

"ते तिला विचारू दे."

स्टेशनवर तू फलाटाच्या त्या टोकाला राहिलास, आम्ही या टोकाला. जवळ येऊ दिलं नाहीस. यशा पुढे जायला लागला तर तू हात वर करून त्याला थोपवलंस. गाडी हलली तेव्हा तू टोपी हलवलीस. मिठी मारायची आपल्याकडे रीत नाही, आणि असती तरी तू मारू दिली नसतीस. पण एकदा खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तो ठेवायचा राहिला, एवढंच वाटत राहतं.

तुझ्या आयसनं विचारलं नाही, कुठल्या सालचा भात म्हणून. नुसतं ऐकलं आणि म्हणाली, "बरा." त्या साली भात झोडून झाला. पुढच्याही साली झाला. दर खेपेला खळं उचललं की ती बाजारात माझ्यासमोर येऊन उभी राहायची, काही विचारायची नाही, उभी राहायची आणि जायची. मी नजर चुकवायला शिकलो. यशा तुझ्याबद्दल कळवत होता, कधी बरं, कधी वाईट, मग नुसतंच वाईट. मग तार.

बाजारातून पळालो तरी किती पळणार? दुसऱ्या दिवशी पोशेरा चढून गेलो. तुझी आयस अंगणात वरई कांडत होती. मी सांगितलं. मुसळ तिनं खाली ठेवलं नाही, हातात धरूनच ऐकलं.

"मढं कुठंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, तिथंच अग्नी दिला, यशानं जाऊन हाडं नदीत सोडली.

"कोनी बघला?"

"यशवंतानं बघितलं."

"यशवंता लहानपनापास्ना खोटा," ती म्हणाली. "डबा खाल्ला होता त्यानं."

तुझा भाऊ रडायला लागला तशी ती त्याच्यावर ओरडली. गाव जमलं. मढं नाही, मग करायचं काय यावर बोलणं झालं. भगत म्हणाला, राख पसरा. चुलीतली राख चाळून मधल्या खांबापाशी पसरायची, वर टोपली पालथी घालायची, सकाळी उघडून बघायचं. गेलेला माणूस कुठंही गेलेला असो, कायमचा जायच्या आधी एकदा घरी येतो आणि राखेत पाऊल ठेवून जातो. पाऊल दिसलं की मग त्याचा दिवस घालायचा, जेवण करायचं, रडायचं, आणि त्याला वाडवडिलांत बसवायचं.

मी मास्तर, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या रीतीतली दया मला तेव्हा पहिल्यांदा कळली. पाऊल म्हणजे माणसाचंच लागतं असं नाही. कोंबडीचा पंजा चालतो, उंदराची शेपटी चालते, मुंग्यांची रांगसुद्धा चालते. म्हाताऱ्या वाकून बघतात, "आला गं, पाखरू होऊन आला" म्हणतात आणि मोकळं रडून घेतात. आपल्या खोपटांत कोंबड्या, उंदीर आणि मुंग्या यांची वाण कधीच नव्हती, त्यामुळे आजवर पोशेऱ्यात कुणाची राख कोरी राहिलेली नाही. तुझीही राहणार नव्हती. मी त्या रात्री तुझ्या भावाकडेच राहिलो. खरं सांगतो, मीही वाट बघत होतो.

राख पसरून झाली, टोपली पालथी पडली. तेव्हा तुझी आयस उठली, ओंजळीत ओलं शेण घेऊन आली आणि टोपलीच्या कडेकडेनं लिंपायला लागली. गोल फिरून, बोटांनी दाबून, कुठं फट राहू दिली नाही.

"हे काय गं?" भगत म्हणाला.

"मांजर शिरल," ती म्हणाली.

घरात मांजर नव्हतं. आईच्या हाताला कोण धरणार? तिनं ते का केलं, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

सकाळी सगळे जमल्यावर भगतानं वाळलेलं शेण फोडलं आणि टोपली उचलली. राख जशीच्या तशी होती. नुसती सपाट, करडी. भगत गुडघ्यांवर बसला, कान जमिनीला लावल्यासारखा वाकला, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग एका ठिकाणी बोट दाखवत म्हणाला, "हीथं जरा रेघ वाटते."

"तुझ्या श्वासानं झाली ती," तुझी आयस म्हणाली. "आथाच झाली. मी बघत होते."

भगत मागे सरला. ती सगळ्यांकडे वळली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, महादू. एखादा वाद जिंकलेल्या माणसासारखी दिसत होती. "आला नाय," ती म्हणाली. "मेला असता तं आला असता. येडा हाय माझा पोऱ्या, पन मेल्यावर घरी यायचा नाय इतका येडा नाय. वाटंत हाय तो." आणि खाली बसून तिनं ती राख एका फडक्यात भरली, अंगणात नेली आणि त्याच राखेनं भांडी घासायला घेतली.

माणसं उठून गेली. त्यांना भाताची लावणी होती. तुझा दिवस घातला गेला नाही. तुझ्या भावानं डोकं भादरलं नाही. भगत म्हणतो, पाऊल उठलं नाही, मग मी कुणाला वाडवडिलांत बसवू? रीतीच्या बाहेर त्याला जाता येत नाही आणि तिला सोडून रीत पुढे जात नाही. म्हणजे तू आता कुठंच नाहीस. व्हिएन्नात तुझी खोली दुसऱ्या कुणाला दिली असेल. जिवंतांत तू नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि मेलेल्यांत तुला तुझी आयस जाऊ देत नाही. यशाला मी हे सगळं कळवलं. त्यानं उलट विचारलं की तू शिकलेला माणूस, तिला समजावत का नाहीस. तो लंडनला आहे. त्याला तिच्यासमोर उभं राहायचं नाही.

मी समजावून पाहिलं नाही असं नाही. या बाजारी ती आली, नेहमीसारखी पोशेऱ्याच्या वाटेच्या तोंडाशी बसली. मी जाऊन तिच्यापाशी टेकलो. म्हटलं, बय, ऐक जरा. तिनं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग विचारलं, "बोट कुठल्या महिन्यात येते?" मी म्हणालो, बोटी येतातच, दर महिन्याला येतात. "मंग?" ती म्हणाली. एवढंच. मग तिनं गाठोड्यातून मूठभर खुरासणी काढून माझ्या रुमालात बांधली, घरी चटणी कर म्हणाली.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. भर बाजारात, माझ्या शाळेतली पोरं बघत असताना, मी रुमाल तोंडाला लावून रडायला लागलो. तार आल्यापासून पहिल्यांदाच. तुझी आयस घाबरली. तिनं माझा हात धरून खाली ओढला, आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं, आणि दबक्या आवाजात मला दटावलं, "उगा राहा गणा. माझ्या जित्या पोऱ्याच्या नावानं रडू नको. त्याला लागल."

मी डोळे पुसले आणि हो म्हणालो.